'रास्ते का काँटा' आणि 'साही का काँटा': एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे का?

गिरणाकाठ

दूरदर्शनवरच्या 'ब्योमकेश बक्षी' या बंगाली गुप्तहेराच्या हिंदी मालिकेवर इथे आधी गप्पा झाल्या आहेत, पण या दोन भागांवर वेगळा धागा हवाच होता. पहिलीच सूचना: दोन्ही भागांत खून कोण करतं, कसा करतं, सगळं उघड लिहिणार आहे. पाहिले नसतील तर आधी पाहून या, मग वाचा.

'रास्ते का काँटा' मी १९९३ साली भडगावला पाहिला. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या ओट्यावरून खिडकीतून दिसायचा, आम्ही सात-आठ पोरं तिथे दाटीवाटीने बसायचो. कलकत्त्यात रस्ता ओलांडणारी माणसं पटापट मरून पडतात, छातीत ग्रामोफोनची पिन सापडते आणि ती कुठून आली ते कोणालाच कळत नाही. शेवटी कळतं की खुनी सायकलवरून येतो, हँडलवरच्या घंटीतच पिन सोडायची कळ आहे आणि 'ट्रिंग' झालं की माणूस संपला. माझे वडील रोज सायकलने पाचोरा रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये कामाला जायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची घंटी ऐकून मी दाराआड उभी राहिले होते, हे मला अजून स्वच्छ आठवतं.

'साही का काँटा' (साही म्हणजे साळींदर) १९९७च्या दुसऱ्या पर्वातला. तेव्हा मी जळगावला शिकायला होते, तो भाग अर्धाच पाहिला. पूर्ण पाहिला तो थेट २०२०च्या टाळेबंदीत, दूरदर्शनने मालिका पुन्हा लावली तेव्हा. सोबत मुलगा बसला होता. पंधरा मिनिटांत म्हणाला, "आई, हा तर मागचाच भाग आहे, फक्त पिनेच्या जागी काटा घातलाय."

वरवर पाहिलं तर त्याचं बरोबर आहे. दोन्हीकडे नावात काटा. दोन्हीकडे एकामागून एक खून, तेही बंदूक-सुरा सोडून भलत्याच टोकदार वस्तूने आणि नेमके काळजावर. दोन्हीकडे एक माणूस निव्वळ नशिबाने वाचतो: पहिल्यात आशुबाबू छातीवरच्या खिशातल्या घड्याळामुळे, दुसऱ्यात देबाशीष, कारण त्याचं हृदय उजव्या बाजूला आहे. आणि दोन्हीकडे त्या वाचलेल्या माणसापासूनच ब्योमकेशला धागा सापडतो.

पण मला हे भाग एकमेकांचे उलटे वाटतात. पहिल्यात मेलेल्या माणसांत खरोखर एक समान गोष्ट आहे. सगळे पैसेवाले, मूलबाळ नसलेले. ब्योमकेश ती हेरतो आणि 'पथ का काँटा' दूर करून देणाऱ्या जाहिरातीपर्यंत, म्हणजे पैसे घेऊन खून करणाऱ्यापर्यंत पोचतो. दुसऱ्यातही आपण तेच शोधायला लागतो. भिकारी, मजूर, दुकानदार यांच्यात काय सारखं? आणि तिथेच आपण फसतो, कारण काहीच सारखं नाही. ते तिघे फक्त चौथ्याचा खून झाकण्यासाठी मेले आहेत. म्हणजे ज्याने पहिला भाग मन लावून पाहिला, तोच दुसऱ्यात जास्त चकतो. याला पुनरावृत्ती म्हणायचं का? तुम्हाला काय वाटतं?

भुसावळ जंक्शन

ताई, धागा छान काढला, पण मी तुमच्या मुलाच्या बाजूने. आम्ही रेल्वे कॉलनीत वाढलो. शेजारी एक बंगाली कुटुंब होतं, त्यांच्याकडे मूळ पुस्तकं होती. पहिल्या गोष्टीचं नाव 'पथेर काँटा', दुसरीचं 'शजारुर काँटा', हे मला तेव्हापासून माहीत. काकू वाचून दाखवायच्या आणि हिंदीत समजावून सांगायच्या.

माझा आक्षेप जीव वाचण्याच्या प्रसंगाला आहे. घड्याळाने पिन अडवली हे पटतं. त्या काळी खिशात साखळीचं घड्याळ असायचंच, आणि पिन ती केवढीशी. पण हृदय उजवीकडे? तशी माणसं असतात हे खरं, पण हजारो माणसांतून नेमका हाच तसा निघाला, ही लेखकाने स्वतःसाठी करून घेतलेली सोय आहे. पहिल्यात नशीब कथेच्या आतून येतं, दुसऱ्यात बाहेरून आणून ठेवलंय.

शिवाय पहिल्यातला खुनी किती हुशार! गिऱ्हाइकाने त्याचं तोंड बघायचं नाही, त्याने गिऱ्हाइकाचं बघायचं नाही. शनिवारी संध्याकाळी दुकानाच्या कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहायचं, चिठ्ठी आपोआप खिशात येते. आणि तोच माणूस साळसूदपणे ब्योमकेशच्या घरी येऊन बसतो. दुसऱ्यातला खुनी म्हणजे शेवटी देबाशीषच्या बायकोच्या प्रेमात हरलेला एक गायक. त्याची योजना कळल्यावर 'वा' निघत नाही तोंडातून.

खान्देशी भो

मी बी दखेल शे हाऊ भाग. मन्ही माय सायकलनी घंटी वाजनी का दार लाई ले.

आमच्या गल्लीत तेव्हा पोरं एकमेकांना घंटी वाजवून 'मेला, मेला' म्हणायची. दुसरा भाग मात्र कोणाच्या लक्षातही नाही. मला वाटतं उत्तर त्यातच आहे.

जुनी तबकडी

अमळनेरहून. आजोबांचा चावीचा ग्रामोफोन माझ्याकडे आहे आणि अजून वाजतो, म्हणून पिनेबद्दल चार ओळी.

लाखेच्या जुन्या तबकड्यांना पोलादी पिन लागते. ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणजे तबकडीऐवजी पिन झिजते. नियम असा की एक बाजू वाजली की पिन बदलायची. त्यामुळे ज्या घरात ग्रामोफोन, त्या घरात पिनांची पत्र्याची डबी, एकेका डबीत दोनदोनशे पिना. वापरलेल्या टाकून द्यायच्या. आता विचार करा, १९३०च्या आसपासच्या कलकत्त्यात हौशी घरांतून रोज किती पिना केरात जात असतील. खुन्याने निवडलेली वस्तू अशी आहे की ती कोणी विकत घेतली, कुठून घेतली, याचा माग काढणं कोणत्याच पोलिसाला शक्य नाही. गिरणाकाठ ताई, माझ्या मते पहिल्या भागाचं सौंदर्य घंटीपेक्षा या पिनेत जास्त आहे.

आणि घंटीही तशीच. आशुबाबूंना छातीवर काहीतरी बसल्याचं आठवतं, आणि त्याच वेळी सायकलची घंटी ऐकू आल्याचं आठवतं. पण रस्त्यावर घंटी वाजली तर कोण मान वळवून बघतो? सगळ्यांनी ऐकलेली आणि कोणीच न ऐकलेली वस्तू.

तांत्रिक शंका मात्र मलाही आहे. घंटीच्या वाटीत मावेल एवढ्या स्प्रिंगने ती पिन कोट, सदरा आणि बरगड्यांमधून काळजापर्यंत जाईल असं माझं मन घेत नाही. तरीही भाग पाहताना ती शंका आडवी येत नाही, ही दिग्दर्शक बासू चटर्जींची करामत.

सातपुडा पायथा

पिनेचं झालं, आता काट्याचं मी सांगतो. आमचं शेत यावलच्या वर, डोंगराला लागून. साही म्हणजे आपलं साळींदर, साळू. आमच्याकडे मका आणि भुईमूग असतो आणि रात्री साळींदर हमखास येतं. दिवसा बिळात, रात्री बाहेर. शेंगा उकरतं, मक्याचं ताट तळातून कुरतडतं. सकाळी बांधावर काटे पडलेले मिळतात. लहानपणी आम्ही ते गोळा करून वहीत ठेवायचो.

बऱ्याच जणांना वाटतं साळींदर काटे बाणासारखे फेकतं. तसं काही नाही. काटे म्हणजे त्याचे जाड झालेले केसच. शत्रू दिसला की ते फुलवतं, खुळखुळ वाजवतं आणि पाठमोरं अंगावर चालून येतं. काटे सैल असतात, समोरच्याच्या अंगात राहून जातात. बिबट्याच्या पंजात, जबड्यात काटे रुतून तो लंगडा झाल्याचं आमच्या भागात जुनी माणसं सांगतात.

आता प्रश्न असा की या काट्याने माणूस मारता येईल का? आखूड, जाड काटे फार टणक असतात. लांब बारीक काटे वाकतात. हातात धरून बघितलं तर टोक सुईसारखं, पण वजन काहीच नाही, आतून भेंडासारखा. मागून, बेसावध माणसाच्या पाठीत, बरगड्यांच्या फटीतून घालायचा तर हात फार सरावाचा हवा. आणि म्हणूनच मला दुसऱ्या भागातला एक मुद्दा पटतो जो इथे कोणी मांडला नाही. आधीचे तीन खून नुसते झाकण्यासाठी नव्हते, ते हात बसवण्यासाठीही होते. झोपलेल्या माणसापासून सुरुवात. हे माझं म्हणणं आहे, भागात कोणी बोलून दाखवत नाही.

गिरणाकाठ

सातपुडा दादा, वाचून अंगावर काटा आला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

भुसावळकरांचा आक्षेप अर्धा मान्य. पण एक सांगते. पहिली गोष्ट शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली लिहिली, ब्योमकेशच्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींपैकी. दुसरी १९६७ची. मध्ये पस्तीस वर्षं! आणि या पस्तीस वर्षांतली बरीचशी त्यांनी आपल्याकडे काढली. १९३८च्या सुमारास ते मुंबईला बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. म्हणजे साळींदराच्या काट्याची गोष्ट पुण्यात बसून लिहिलेली आहे. तरुण लेखकाला खुन्याच्या यंत्राचं कौतुक होतं, म्हाताऱ्या लेखकाला माणसाच्या मनाचं. पहिल्या भागात नवरा-बायकोचं घर जवळजवळ नाहीच. दुसऱ्यात निम्मा वेळ देबाशीष आणि दीपा यांच्या घरात जातो. पहिल्याच रात्री बायको सांगते, माझं मन दुसऱ्या कोणावर आहे. आणि तो बिचारा गप्प राहतो, बाहेर कोणाला कळू देत नाही. तुम्ही गायकाच्या योजनेकडे बघता, मी या गप्प बसण्याकडे बघते.

पांझरेवरून

धुळे. यात एक तिसरी गोष्ट धरायला हवी. अनोळखी माणसांच्या खुनांत खरा खून लपवायचा, ही कल्पना ॲगाथा ख्रिस्तीने १९३६ साली 'द एबीसी मर्डर्स'मध्ये वापरली आहे. तिथे शहरांची आणि माणसांची आद्याक्षरं जुळवलेली असतात, म्हणजे खुनी मुद्दाम एक खोटा धागा पोलिसांच्या हातात देतो. 'साही'मध्ये हत्यार तेवढं सारखं, बाकी धागा दिलेलाच नाही. त्यामुळे तुलना करायची तर 'साही'ची 'रास्ते'शी नको, तिकडे करा.

आणि टोकदार हत्यारांचाच हिशेब मांडायचा तर दोनावर थांबू नका. ब्योमकेशची पुढे बायको होणारी सत्यवती पहिल्यांदा येते त्या मृत्युपत्राच्या गोष्टीत मानेत सुई खुपसून खून आहे. किल्ल्याच्या रहस्यात साप चावल्यासारखं मरण आहे, आणि निघतं काय तर फाउंटन पेनात भरलेलं विष. पिन, सुई, पेन, काटा. या लेखकाला रक्त सांडलेलं आवडत नसावं. जखम एवढी बारीक हवी की डॉक्टरलाही दोनदा बघावं लागेल.

मार्केट यार्ड

मी इथे फारसं लिहीत नाही, नुसतं वाचतो. पण गिरणाकाठ ताईंचा पहिला प्रतिसाद वाचला आणि राहवलं नाही.

माझे वडील जळगावच्या बाजार समितीत हमाल होते. बत्तीस वर्षं पोती वाहिली. उन्हाळ्यात रात्री घरी न येता तिथेच गाळ्याबाहेर झोपायचे, पहाटे गाड्या लागायच्या म्हणून. 'साही का काँटा' मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा उघड्यावर झोपलेल्या माणसाला मारण्याचा प्रसंग आला आणि मी टीव्ही बंद केला. पुढचं कित्येक वर्षं पाहिलंच नाही.

नंतर पाहिला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. 'रास्ते का काँटा'मध्ये शेठ लोक मरतात तर सगळं शहर हादरतं, वर्तमानपत्रं भरतात, पोलिसांची झोप उडते. 'साही'मध्ये भिकारी मेला, मजूर मेला, तरी कलकत्ता तसंच चालू. दुकानदार मेल्यावर थोडी कुजबुज. आणि कारखान्याच्या मालकावर वार झाला तेव्हा कुठे गोष्ट ब्योमकेशपर्यंत जाते. खुन्याने हेच हेरलं होतं. भिकाऱ्यापासून सुरुवात केली तर कोणी विचारणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याची योजना हुशार नाही म्हणता भुसावळकर? मला तर ती पहिल्यापेक्षा जास्त भयंकर वाटते. पहिल्यातल्या खुन्याने निदान ज्यांना मारलं त्यांच्यासाठी कोणीतरी पैसे मोजले होते. या तिघांसाठी कोणी काहीच मोजलं नव्हतं.

पांझरेवरून यांनी सांगितलेल्या इंग्रजी गोष्टीत आणि यात मला हा फरक दिसतो. इथे माणसं अक्षरांवरून नाही, ऐपतीवरून निवडली आहेत. खालून वर.

खान्देशी भो

भाऊ, तुझं वाचलं आणि मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. दुसरा भाग कोणाच्या लक्षात नाही, तेच तर त्या भागाचं म्हणणं निघालं.

भुसावळ जंक्शन

मार्केट यार्ड भाऊ, हात जोडले. 'खालून वर' हे दोन शब्द मला आधी सुचले असते तर पहिला प्रतिसाद वेगळा लिहिला असता. हृदय उजवीकडे असण्याबद्दल माझं मत कायम आहे, पण योजनेबद्दलचं मत बदललं.

एकमेकांचे उलटे भाग म्हणाल तर माझी जोडी 'सत्यान्वेषी' आणि 'उपसंहार'. पहिल्यात ब्योमकेश खोट्या नावाने मेसमध्ये राहायला येतो आणि होमिओपॅथीवाल्या अनुकूलबाबूंना पकडतो. दुसऱ्यात तेच अनुकूलबाबू शिक्षा भोगून सुटतात आणि खोट्या नावाने ब्योमकेशच्याच आसपास येऊन राहतात, सूड घ्यायला. त्याच डावात माणसांच्या जागा बदलल्या. के. के. रैनाने केलेला ब्योमकेशचा मित्र अजित दोन्हीकडे साक्षीला आणि दोन्हीकडे त्याला शेवटपर्यंत काही कळत नाही! मेसची ती खोली मला आमच्या कॉलनीतल्या बॅचलर क्वार्टरसारखी वाटायची, दोरीवर पंचे आणि कोपऱ्यात स्टोव्ह.

ओवीताई

उशिरा आले, पण साळूच्या काट्याबद्दल एक सांगायलाच हवं. आमच्याकडे पूर्वी पौरोहित्य होतं, एरंडोलला. सोळा संस्कारांतला सीमंतोन्नयन संस्कार आठवा. गर्भार बायकोचा भांग नवऱ्याने पाडायचा, आणि तो कशाने? साळूच्या काट्याने, ज्यावर तीन पांढरे पट्टे आहेत अशा. गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती संस्कारांच्या जुन्या ग्रंथांत, तो स्पष्ट सांगितला आहे. आमच्या आजोबांच्या पूजेच्या पेटीत असा एक काटा दर्भाशेजारी जपून ठेवलेला होता. आम्हा मुलींना त्याला हात लावू द्यायचे नाहीत.

आता 'साही का काँटा'कडे बघा. नवरा-बायकोच्या संसाराची मंगल खूण असलेली वस्तू घेऊन एक जण त्याच संसारातल्या नवऱ्याला मारायला निघतो. जुनं संस्कृत वाङ्मय आणि इतिहास लेखकाला चांगला अवगत होता, त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्याची साक्ष देतात. त्यामुळे हा काटा हाताला लागला म्हणून उचलला असं मला वाटत नाही. पिनेच्या जागी काटा आला तो एवढ्यासाठी. पिन बाजारातली आणि पहिली गोष्ट पैशाची. काटा घरातला आणि दुसरी गोष्ट लग्नाची.

आणि दीपाचं मन हळूहळू नवऱ्याकडे वळतं तेही त्या वारानंतरच. भुसावळकर, हृदय उजवीकडे असल्याची सोय तुम्हाला खटकते, पण त्या बाईला नवऱ्याचं हृदय कुठे आहे ते तोवर माहीतच नव्हतं, असं वाचून बघा.

जाता जाता: सत्यवती झालेली सुकन्या कुलकर्णी आपली मराठी. तिच्याबद्दल इथे एक ओळही नाही, म्हणून ही नोंद. ब्योमकेश बोलत असताना ती नुसती ऐकते, त्या ऐकण्यात फार काही असतं.

गिरणाकाठ

ओवीताई, दंडवत. मी भाग पुन्हा लावते आहे, या वेळी फक्त दीपाकडे बघायला.

नवीन सदस्य

मी दोन्ही पाहिले नाहीत आणि सूचना न मानता सगळं वाचलं. आता कोणता आधी पाहू?

जुनी तबकडी

'रास्ते' आधी. रात्री, दिवे मालवून. 'साही' दुसऱ्या दिवशी, घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन.

मार्केट यार्ड

काल रविवार होता. बाबांना 'साही का काँटा' दाखवला. ते आता पंचाहत्तरीचे, ऐकू कमी येतं, मी आवाज मोठा ठेवला होता. माझ्या मनात भीती होती, पण ते शांतपणे बघत राहिले. खुनी पकडला गेला तेव्हा मान डोलावली. संपल्यावर आईने चहा आणला. कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मंग त्या हमालाच्या घरी कोन गेलं सांगाले?"

मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, "मागे घे बरं. त्याचं तोंड मला नीट दिसलं नाही."

मी भाग सुरुवातीपासून लावला.